केअर प्लॅन कसा लिहायचा: आधी शब्द समजून घ्या, रकाने नंतर भरा

जीएनएम असो नाहीतर बीएस्सी नर्सिंग, पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला केअर प्लॅन (पेशंटची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा) मागे लागतो तो शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत पाठ सोडत नाही, आणि बरीच मुलं तो लिहितात कसा तर सीनियरची जुनी फाइल घ्यायची, नाव आणि बेड नंबर बदलायचा, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. मी पण सेकंड इयरला हेच केलं होतं. मेडिकल वॉर्डात निमोनियाचे एक बाबा होते, मी फाइलमधून उतरवलं, प्रोडक्टिव्ह कफ, पिवळा, घट्ट. मॅडमनी वाचलं, मला हाताला धरून बेडपाशी नेलं आणि म्हणाल्या, दाखव कुठे पडतोय पिवळा. बाबांना कोरडा खोकला होता, ॲडमिट झाल्यापासून थुंकीत काहीच पडलं नव्हतं, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या आणि तेवढं एक मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्या बरगड्यांचं दुखणं माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं, म्हणजे ज्या गोष्टीने त्यांना रात्री झोप नव्हती तीच राहिली. म्हणून हे सगळं नीट सविस्तर लिहितेय.

(जाता जाता, इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला, आपला मराठी कफ म्हणजे बेडका, इंग्रजीत त्याला स्पुटम म्हणायचं. आजी म्हणते छातीत कफ झालाय आणि मुलं फाइलमध्ये नुसतं कफ लिहून मोकळी होतात, दोन्ही वेगळं आहे, वेगळं लिहा. पुढे मी कफ म्हणेन तेव्हा आपला मराठी कफ समजा.)

आता नर्सिंग प्रोसेस म्हणजे काय तर पाच पायऱ्या, असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. ए-डी-पी-आय-ई असं पाठ करतात सगळे. पाठ करा, पण एवढं कळून घ्या की ही पाच वेगळी उत्तरं नाहीत, एकच धागा आहे. पहिल्या रकान्यात जे नाही ते दुसऱ्यात येऊ शकत नाही, दुसऱ्यात जे लिहिलं त्याचंच गोल तिसऱ्यात, आणि शेवटच्या रकान्यात त्याच गोलचा हिशोब. माझी तपासायची पद्धत अशी की प्लॅन उलटा वाचायचा, इव्हॅल्युएशनकडून असेसमेंटकडे. जिथे धागा तुटतो तिथे तुम्ही कॉपी केलेलं असतं, शंभरातल्या नव्वद वेळा तरी.

नुसते शब्द सांगून उपयोग नाही म्हणून एक पेशंट धरून चालू. दर हिवाळ्यात मेडिकल वॉर्डात अशा आज्या येतात. साठी ओलांडलेली, आयुष्यभर चुलीपुढे बसलेली, विडी-तंबाखू काही नाही तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. आपल्याकडे सीओपीडी म्हटलं की सिगारेट ओढणारा माणूस डोळ्यासमोर येतो, पण लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुराने बायकांची फुप्फुसं तशीच खराब होतात. तर आजी दम लागून ॲडमिट झाली, सोबत सून आहे, सकाळची ड्युटी, बेड तुम्हाला दिलाय.

असेसमेंट, इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

असेसमेंट म्हणजे माहिती गोळा करणं, आणि माहिती दोन प्रकारची. पेशंट सांगतो ती सब्जेक्टिव्ह डेटा, तुम्ही बघता, मोजता, ऐकता ती ऑब्जेक्टिव्ह डेटा. एवढं सगळ्यांना येतं, चुकतं कुठे तर सब्जेक्टिव्हमध्ये मुलं पेशंटचं बोलणं डॉक्टरी भाषेत लिहितात. आजी काय म्हणाली? "दम कोंडतोय गं बाई, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यागत होतंय." आणि फाइलमध्ये काय, पेशंट कम्प्लेन्स ऑफ डिस्प्निया. आडवं झालं की, हे उडालं ना! तेच तर महत्त्वाचं होतं, त्यावरून पोझिशन ठरणार होती. म्हणून पेशंटचे शब्द जसेच्या तसे अवतरण चिन्हात लिहा, फाइल इंग्रजीत असली तरी वाक्याचा पूर्ण अर्थ इंग्रजीत आणा, एक भारी शब्द टाकून ते वाक्य मारू नका.

आपली भाषा या बाबतीत खूप श्रीमंत आहे आणि आपण ती वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. दुखण्याचंच बघा. ठणका लागलाय म्हणजे ठोक्याबरोबर दुखतंय, आत पू झाला असेल, दात असेल. कळ येते म्हणजे येते आणि जाते, पोटातली, बाळंतपणाची. चमक निघते म्हणजे हललं की एकदम टोचतं. आग होते, मुंग्या येतात, पिळवटतंय, जड वाटतंय, आंबलंय. पुस्तकात पेनचं कॅरेक्टर विचारा असं लिहिलेलं असतं, तर आपल्याकडे पेशंट न विचारता ते एका शब्दात सांगतो, फक्त कान देऊन ऐकायचं. आणि "जीव घाबरा होतोय" ऐकलं की ते नुसतं एन्झायटी समजून पुढे जाऊ नका, आधी पल्स, बीपी, सॅच्युरेशन (रक्तात ऑक्सिजन किती टक्के ते), शुगर बघा आणि काही वेगळं दिसलं तर लगेच सांगा, कारण तेच वाक्य हार्टचा पेशंट पण म्हणतो आणि शुगर उतरलेला पण म्हणतो.

माहिती कुणाकडून घेतली यालाही नाव आहे. पेशंट स्वतः म्हणजे प्रायमरी सोर्स. नातेवाईक, जुनी फाइल, रिपोर्ट, दुसऱ्या शिफ्टची सिस्टर हे सेकंडरी. पेशंट शुद्धीत आहे, बोलतोय, तर त्यालाच विचारा. सून म्हणते, "त्यांचं काय नाही हो, नुसतं जेवत नाहीत." आजीला विचारलं तर कळतं घास तोंडात असताना श्वास घेता येत नाही म्हणून जेवत नाही. सून खोटं बोलत नाहीये, तिला दिसलं तेवढं तिने सांगितलं. पण या दोन वाक्यांतून दोन वेगळे प्लॅन निघतात.

अजून दोन शब्द, क्यू आणि इन्फरन्स. क्यू म्हणजे तुम्हाला जे प्रत्यक्ष दिसलं ते, इन्फरन्स म्हणजे त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ. आजी भिंतीकडे तोंड करून पडलीय, दोन वेळा हाक मारली तर हूं म्हणाली, हा क्यू. आजी रुसलीय, आजी डिप्रेस आहे, आजी झोपलीय, हे इन्फरन्स, आणि सीओपीडीच्या आजीत ती गुंगी कार्बन डायऑक्साइड साठल्याची पण असू शकते, म्हणजे तुम्ही झोपलीय लिहून पुढे गेलात तर काय होईल विचार करा. म्हणून फाइलमध्ये क्यू लिहायचा, आणि इन्फरन्स काढायच्या आधी पडताळायचं, जागं करून नाव विचारायचं, वार विचारायचा, त्यालाच व्हॅलिडेशन म्हणतात.

आता ऑब्जेक्टिव्ह. आपल्या आजीचं असं धरा: श्वास मिनिटाला ३०, पल्स १०४, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ८५, पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसलीय, मानेचे स्नायू ओढले जातायत, एका दमात दोन-तीन शब्दच बोलते, स्टेथो लावला तर दोन्हीकडे शिट्टीसारखा आवाज, कफ पिवळट आणि घट्ट, वजन ३८ किलो, उंची १४८ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय १७.३ च्या आसपास. हे सगळं तुम्ही स्वतः बघून, मोजून लिहायचं.

आणि श्वास मोजा. खरंच मोजा. टीपीआर चार्ट (ताप, पल्स, श्वास यांचा तक्ता) उघडून बघा कुठल्याही वॉर्डाचा, रेस्पिरेशनच्या ओळीत २०, २०, २२, २०. मी ज्या एका ठिकाणी सुरुवातीला ड्युटी केली तिथे एका पेशंटच्या चार्टवर तीन शिफ्ट सलग २० होतं आणि मी मोजले तर ३४ आले, रात्री त्यांना आयसीयूला हलवावं लागलं. श्वास वाढणं हे पेशंट बिघडतोय याचं सगळ्यात लवकर दिसणाऱ्या खुणांपैकी एक आहे, बीपी पडायच्या खूप आधी. नाडी धरल्यासारखं मनगट धरून ठेवा, पेशंटला सांगू नका की श्वास मोजतेय (सांगितलं की तो श्वास बदलतो), आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघा. मोठ्या माणसाचं नॉर्मल १२ ते २०. सॅच्युरेशन घेताना बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा चुकू शकतो, हात चोळून गरम करा, मग लावा, आणि ऑक्सिजनवर घेतलं की ऑक्सिजनशिवाय ते शेजारी लिहा, नाहीतर त्या आकड्याला अर्थच नाही.

काही राहू नये म्हणून कॉलेजात एखादी चौकट देतात, गॉर्डन यांचे ११ फंक्शनल हेल्थ पॅटर्न किंवा हेंडरसन यांच्या १४ गरजा. कुठलीही वापरा. त्यांचा फायदा एवढाच की दम लागलेल्या पेशंटला तुम्ही झोपेबद्दल, संडासबद्दल, घरच्या काळजीबद्दल विचारायला विसरत नाही.

नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे आजाराचं नाव नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे. सीओपीडी, डायबेटिस, फ्रॅक्चर हे मेडिकल डायग्नोसिस, ते डॉक्टर करतात आणि आजार आहे तोवर तेच राहतं. नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे त्या आजारामुळे या माणसाला आत्ता काय अडचण येतेय, जिच्यावर नर्स म्हणून मी काही करू शकते, आणि ते सकाळी एक असेल तर संध्याकाळी बदलू पण शकतं. एकच सीओपीडी, पण एका आजीला कफ निघत नाही, दुसऱ्या बाबांना कफ नाहीच, त्यांना बाथरूमपर्यंत चालवत नाही. मेडिकल डायग्नोसिस एक, नर्सिंग डायग्नोसिस वेगळं.

ही नावं कुठून आली? १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला नर्सेसची पहिली परिषद झाली नर्सिंग डायग्नोसिसची यादी करण्यासाठी, त्यातून १९८२ मध्ये नांदा ही संघटना झाली, २००२ पासून तिचं नाव नांदा इंटरनॅशनल. तिची यादी ठराविक वर्षांनी सुधारली जाते आणि नावं बदलतात, उदाहरणार्थ जुन्या पुस्तकातलं ॲक्टिव्हिटी इनटॉलरन्स आता डिक्रीज्ड ॲक्टिव्हिटी टॉलरन्स झालंय. त्यामुळे तुमच्या कॉलेजात कुठली आवृत्ती चालते ते मॅडमना विचारून घ्या आणि पूर्ण फाइलमध्ये तीच वापरा, अर्धं जुनं अर्धं नवं नको.

लिहायची पद्धत पीईएस. पी म्हणजे प्रॉब्लेम, ई म्हणजे इटिऑलॉजी म्हणजे कारण, एस म्हणजे साइन्स आणि सिम्टम्स म्हणजे पुरावा. जोडणारे शब्द रिलेटेड टू आणि ॲज एव्हिडेन्स्ड बाय. आजीचं असं होईल: इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स (म्हणजे कफ निघून श्वासनलिका मोकळी होत नाही), रिलेटेड टू घट्ट आणि जास्त कफ व खोकण्याची ताकद नसणं, ॲज एव्हिडेन्स्ड बाय शिट्टीसारखा आवाज, श्वास ३०, पिवळट घट्ट कफ, "कफ सुटतच नाही" असं आजीचं म्हणणं. बघा, पुराव्यातला एकेक शब्द असेसमेंटमध्ये आधीच आहे का? आजीचं ते शेवटचं वाक्य आपण वर असेसमेंटमध्ये लिहिलंच नव्हतं. मग मागे जाऊन ते तिथे लिहायचं, अर्थात ती खरंच म्हणाली असेल तर. हेच मी म्हणते तो धागा.

रिलेटेड टू च्या पुढे आजाराचं नाव टाकू नका, रिलेटेड टू सीओपीडी लिहिलं की परीक्षक लगेच थांबवतात, कारण सीओपीडी तुम्ही बरा करू शकत नाही, कफ पातळ करायला मदत करू शकता. आजार लिहायचाच असेल तर सेकंडरी टू म्हणून शेवटी जोडतात. दुसरं, कारण आणि प्रॉब्लेम एकच नको, इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी रिलेटेड टू जखम, म्हणजे जखम आहे कारण जखम आहे, काय कळलं त्यातून? तिसरं, कारणात कुणाला दोष देऊ नका, रिलेटेड टू नाइट स्टाफने कूस न बदलणे असं कधीही लिहायचं नाही, ते इममोबिलिटी आणि प्रेशर असं लिहा. ही फाइल कोर्टात जाऊ शकते हे लक्षात असू द्या.

प्रकार पण विचारतात व्हायवात. अॅक्च्युअल म्हणजे प्रॉब्लेम आत्ता आहे, याला तिन्ही भाग लागतात. रिस्क म्हणजे अजून झालेला नाही पण होऊ शकतो, इथे लक्षणं नसतातच, फक्त रिस्क फॅक्टर लिहायचे. आजी हाडकुळी आहे, दिवसभर एकाच जागी बसून आहे, माकडहाडावर दाब येतोय, कातडी अजून चांगली आहे, म्हणजे प्रेशर इंजुरीची (दाबाने होणाऱ्या जखमेची, बेडसोरची) रिस्क. तिथे ॲज एव्हिडेन्स्ड बाय लालसर डाग असं लिहिलंत तर मग ती रिस्क राहिली नाही, झालीच. रिस्क आहे हे मोजायला ब्रेडन स्केल असतो, ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका, १८ किंवा कमी आले की सावध. हेल्थ प्रमोशन आणि सिंड्रोम हे उरलेले दोन प्रकार, वॉर्डच्या रोजच्या प्लॅनमध्ये क्वचित लागतात.

मग चार-पाच डायग्नोसिस निघाले की आधी कुठलं? एबीसी, एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, मग मॅस्लोचा पिरॅमिड, शरीराच्या गरजा आधी, सुरक्षितता नंतर, वगैरे. आजीचं पहिलं एअरवे क्लिअरन्स, दुसरं गॅस एक्स्चेंज, मग जेवण, मग स्किनची रिस्क. अॅक्च्युअल रिस्कच्या आधी हा अंदाजे नियम आहे, पण डोकं वापरायचं, ऑपरेशन होऊन दोन तास झालेल्या पेशंटमध्ये ब्लीडिंगची रिस्क मळमळीच्या आधीच येणार.

आणि पेशंटची स्वतःची प्रायॉरिटी विचारा. आजीला विचारलं तर ती म्हणेल, घरी म्हैस आहे, तिची धार मी सोडून कुणाला काढू देत नाही, मला कधी सोडणार. हे वाचून हसू येईल तुम्हाला, पण त्या काळजीने ती रात्रभर जागी आहे, ऑक्सिजनचा मास्क काढून सुनेला फोन लावायला सांगतेय. एकदा फोन लावून दिला, म्हैस शेजारच्या घरी दूध देतेय हे कळलं, की मास्क तोंडावर राहतो. हा फोन पण इंटरव्हेन्शन आहे आणि तो लिहायचा.

गोल आणि एक्स्पेक्टेड आउटकम

गोल म्हणजे ढोबळ दिशा, आउटकम म्हणजे मोजता येईल असा टप्पा. गोल: आजीची श्वासनलिका मोकळी राहील. आउटकम: दुपारी २ वाजेपर्यंत श्वास मिनिटाला २४ च्या आत येतील, आजी हफ करून (तोंड उघडं ठेवून हवा जोरात बाहेर फेकून) कफ बाहेर काढेल, एका दमात पूर्ण वाक्य बोलेल. दोन गोष्टी तपासा. एक, वाक्याचा कर्ता पेशंट आहे का. "वाफ देणे" हा गोल नाही, ते तुमचं काम झालं. दोन, आकडा आणि वेळ आहे का. "पेशंटला बरं वाटेल" याला कोण कसं मोजणार? सिझरच्या पहिल्या दिवशीची बाई घ्या, दुखणं दहापैकी ७ सांगतेय, तर आउटकम असा की गोळी किंवा इंजेक्शननंतर एका तासात ती ३ किंवा कमी सांगेल आणि आधार घेऊन कुशीवर वळेल. संपलं, एवढंच.

शॉर्ट टर्म म्हणजे शिफ्टमध्ये किंवा एक-दोन दिवसात, लाँग टर्म म्हणजे डिस्चार्जपर्यंत किंवा पुढे. स्मार्ट गोल म्हणतात ते हेच, नेमका, मोजता येणारा, जमणारा, कामाचा, वेळेचा.

जमणारा यावर थोडं थांबते. सीओपीडीच्या आजीला सॅच्युरेशन १०० येईल असा आउटकम खूप फाइलमध्ये दिसतो, आणि तो नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. ज्या सीओपीडी पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठायची भीती असते त्यांच्यात टार्गेट ८८ ते ९२ ठेवतात. त्याहून जास्त ऑक्सिजन देत राहिलं तर कार्बन डायऑक्साइड वाढतो, पेशंट गुंगीत जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वा, सॅच्युरेशन ९९ आहे, शांत झोपली आजी. म्हणून आकडा टाकायच्या आधी डॉक्टरांची ऑर्डर बघा, टार्गेट लिहिलेलं नसेल तर राउंडला विचारा. नातेवाईक येऊन फ्लो वाढवतात हे पण कायम होतं, सुनेला समजावून सांगायचं की काकू हे नळासारखं नाही, हे औषध आहे, याला हात लावायचा नाही.

इंटरव्हेन्शन आणि रॅशनल

इंटरव्हेन्शन म्हणजे नर्स काय करणार, आणि याचे तीन प्रकार. इंडिपेंडंट, जे तुम्ही तुमच्या अक्कलहुशारीने करता, ऑर्डर लागत नाही: आजीला उंच बसवणं, पुढे टेबल आणि त्यावर उशी ठेवून हात टेकायला देणं, ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायला शिकवणं, तोंड साफ ठेवणं. डिपेंडंट, ज्याला डॉक्टरांची ऑर्डर लागते: नेब्युलायझेशन (मशीनने औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणं), ऑक्सिजन, अँटिबायोटिक. कोलॅबरेटिव्ह, जे मिळून करतात: फिजिओथेरपिस्टबरोबर छातीची फिजिओ, डाएटिशियनबरोबर जेवण.

लिहिताना किती, कधी, कसं हे हवंच. "भरपूर पाणी द्या" नको, "हार्ट किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर, कोमट, थोडं थोडं, इनटेक-आउटपुट चार्टवर नोंद" असं लिहा. "व्हायटल्स बघा" नको, "दर २ तासांनी श्वास, पल्स, सॅच्युरेशन आणि शुद्ध" असं. व्हेंचुरी मास्क (ठरलेल्या टक्क्याने ऑक्सिजन देणारा मास्क) असेल तर वॉल्व्हचा रंग लिहा, निळा २४ टक्के, पांढरा २८ टक्के, लिटर किती लावायचे ते त्या वॉल्व्हवरच छापलेलं असतं. जेवणाचं, दिवसातून दोनदा ताट भरून नको, पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊ भात-वरण, अंडं चालत असेल तर अंडं, आणि जेवायच्या अगदी आधी दमवणारं काही नको. भाकरी चावताना दम लागतो तर दुधात कुस्करून द्या, आजीला ते आवडतं पण आणि जातं पण.

रॅशनल म्हणजे का. प्रत्येक इंटरव्हेन्शनपुढे एका ओळीत. उंच बसवलं कारण छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकतो, फुप्फुसाला जागा मिळते. ओठ चंबू करून श्वास सोडला की श्वासनलिका लवकर मिटत नाहीत, आत अडकलेली हवा निघते. रॅशनल लिहिता येत नसेल तर समजा ते इंटरव्हेन्शन तुम्ही कुठूनतरी उचललंय.

इम्प्लिमेंटेशन: झालं ते लिहा

इथे माझी खरी तक्रार आहे. प्लॅनिंगमध्ये गिव्ह लिहिलं की इम्प्लिमेंटेशनमध्ये गिव्हन, मॉनिटर लिहिलं की मॉनिटर्ड, रकाना भरला. हे इम्प्लिमेंटेशन नाही, हे व्याकरण आहे. खरं इम्प्लिमेंटेशन असं दिसतं: १०.१५ ला ऑर्डरप्रमाणे नेब्युलायझेशन दिलं, आधी पल्स १०४, नंतर ११६, हात थोडे थरथरतायत, ड्युटी डॉक्टरांना सांगितलं. ११.०० ला हफ शिकवलं, दोन वेळा जमलं, साधारण चमचाभर पिवळट कफ पडला. १२.३० ला अर्धी वाटी दूध-भाकरी घेतली, पुढची नको म्हणाली, दम लागला. हे कॉपी करता येणार नाही, कारण हे फक्त त्या बेडवर त्या दिवशी घडलं. (नेब्युलायझेशनमधल्या साल्ब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाने पल्स वाढतो, हात थरथरतात, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजायचं.)

लिहायचे नियम थोडक्यात: केल्यावर लिहा, करायच्या आधी नाही. वेळ टाका, सही करा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. मधे रिकाम्या ओळी सोडू नका. जे दिलं नाही, ते का दिलं नाही तेही लिहा, औषध नाकारलं तर पेशंटचे शब्द लिहा आणि कुणाला कळवलं ते लिहा.

ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट समजावून देताना, हाच मजकूर एसबीएआर मध्ये बसतो. आत्ता काय चाललंय, पार्श्वभूमी काय, मला काय दिसलं, काय करायला हवं. फोनवर डॉक्टरांशी बोलताना पण हीच चार वाक्यं, म्हणजे "सर, पेशंटला बरं नाही, लवकर या" असं होत नाही.

इव्हॅल्युएशन

आउटकम समोर ठेवा आणि एकेक आकडा जुळवा. आजीचे दुपारी २ ला श्वास २६, टार्गेट २४ च्या आत होतं. हफ जमतंय. वाक्य अजून अर्धं तुटतंय. सॅच्युरेशन ९०, टार्गेटमध्ये. मग लिहायचं गोल पार्शली मेट आणि पुढे पुरावा. मेट, पार्शली मेट, नॉट मेट हे तीनच शब्द, पण त्यांच्यापुढे आकडे नसतील तर त्यांना किंमत नाही. नॉट मेट लिहायला मुलं घाबरतात, मार्क जातील म्हणून. जात नाहीत, उलट परीक्षक विचारतात मग पुढे काय केलंस, आणि तिथे तुमची समज दिसते. गोल गाठला नाही तर मागे जायचं: माहिती अपुरी होती, की डायग्नोसिस चुकलं, की वेळ कमी दिली, की इंटरव्हेन्शन पेशंटला जमण्यासारखं नव्हतं? जे सापडेल ते बदलायचं, यालाच रिव्हिजन म्हणतात, आणि नवीन तारीख-वेळ टाकून लिहायचं, जुनं खोडायचं नाही.

आजीचंच पुढचं सांगते. तिसऱ्या दिवशी श्वास २२ वर आले, डिस्चार्जची भाषा सुरू झाली. लाँग टर्म आउटकम होता की आजी इनहेलर स्वतः नीट वापरून दाखवेल. दाखवायला सांगितलं (समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून करूनच दाखवायला लावायचं, याला रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात), तर आजीच्या बोटात पंप दाबायची ताकदच नाही, आणि दाबला तरी त्याच वेळी श्वास ओढणं जमेना. नॉट मेट. मग प्लॅन बदलला: स्पेसर (पंपाला जोडायची नळी, औषध त्यात थांबतं आणि सावकाश ओढता येतं) लावून, पंप दाबणार सून, श्वास घेणार आजी, झाल्यावर गुळण्या, कारण स्टिरॉइडचा पंप असेल तर तोंडात पांढरं बुरशीसारखं येतं. दोघींनी मिळून तीन वेळा करून दाखवलं, तेव्हा मेट लिहिलं.

आणि चुलीचं विचारताना "घरी गॅस आहे का" असं विचारू नका, हो म्हणतील आणि विषय संपेल. गॅस बऱ्याच घरी आहे. विचारायचं असं की अंघोळीचं पाणी कशावर तापतं, भाकरी कशावर होते, आणि सकाळी जाळ घालायला कोण बसतं. सून म्हणाली, पाणी चुलीवरच, आत्याबाईच बसतात, थंडीत शेकायला बरं वाटतं त्यांना. तर प्लॅनमध्ये शेवटची ओळ ही गेली: पाणी तापवायची चूल परसात हलवायची, जाळ सून घालेल, आजीला शेकायला गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून, सून आणि आजी दोघींशी बोलणं झालं, फॉलोअपला परत विचारायचं.